दुर्रीनं मारलेला एक्का

१

टक्.

किटलीचं बटण आपसूक वर उडालं, आणि मग कुठे त्या खोलीत कुणीतरी श्वास सोडला.

पाणी उकळलं तरी चहा करायला कुणी उठेना. स्पर्धेपुरत्या भाड्यानं घेतलेल्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलाभोवती, देशाच्या महिला ब्रिज संघातल्या सहाही जणी जमल्या होत्या आणि सगळ्यांची नजर ताईवर खिळली होती.

"पुन्हा सांग," वकीलीणबाई म्हणाल्या.

"कितीदा सांगू? हुकूम चौकटचा होता. समोरून त्यांचा बदामचा एक्का आला. माझ्याकडे बदाम औषधालाही नव्हतं. मी चौकटच्या दुर्रीनं एक्का मारला. दुर्रीनं एक्का मारलेला माणूस विसरेल होय?"

"आणि मी सांगते, ती दुर्री माझ्या हातात होती," वकीलीणबाई म्हणाल्या. "एक हुकूम जास्त दिसला म्हणून तर मी बोलीत एक पायरी वर चढले आणि तोंडावर आपटले."

ब्रिज न खेळणाऱ्यांना इथे थोडं सांगायला हवं, नाहीतर एका दुर्रीपायी सहा जाणत्या बायकांची बोबडी का वळली ते कळायचं नाही. ह्या सामन्यांत एकच डाव दोन खोल्यांत खेळतात. पहिल्या खोलीत डाव संपला की चौघींचे पत्ते, जिचे तिला, प्लास्टिकच्या एका चपट्या बोर्डाच्या चार खणांत जातात आणि तो बोर्ड दुसऱ्या खोलीत नेतात. तिथे आपल्या बायका प्रतिस्पर्ध्यांच्या जागी बसतात. पत्ते तेच, अक्कल ज्याची त्याची. नशिबाला बोट शिरवायला फट नाही. म्हणूनच इथे जिंकलेला हात कुणी उचलून घेत नाही. प्रत्येकीनं आपलं पान आपल्यापुढेच उपडं घालायचं. शेजारणीच्या पानाला शिवायचंसुद्धा नाही.

आणि तरी ताईच्या खणातली चौकटची दुर्री शेजारच्या खणात गेली होती, शेजारणीची बदामची तिर्री ताईच्या खणात. खणात पानं तेराची तेराच. मोजून कुणाला संशय येणार?

धाकटी किटलीपाशी उभी होती. संघात वयानं लहान म्हणून ती धाकटी. एरवी दातांची डॉक्टर आणि पाच वर्षांच्या एका पोरीची आई. उपान्त्य सामन्याच्या आजच्या शेवटच्या सत्रात तिला आणि तिच्या भिडूला विश्रांती होती, त्यामुळे ती दोन्हींपैकी एकाही खोलीत नव्हती. पोरगी पलंगावर पालथी पडून चित्र रंगवत होती.

"पानांना पाय नसतात," वकीलीणबाई म्हणाल्या. "कुणीतरी नेली."

दार उघडलं. संघाचे न खेळणारे कप्तान आत आले. बँकेतून निवृत्त झालेले, सदा हसतमुख गृहस्थ. आज हसत नव्हते.

"बोर्ड बिघडल्याचं आपण कळवलं ते बरं केलं," ते म्हणाले. "पण ताई, समोरच्या संघानं तक्रार केलीय. तुमच्या नावानं."

२

मुख्य पंच उंच आणि सावकाश बोलणारे होते. त्यांच्या खोलीत दोन खुर्च्या, एक टेबल आणि टेबलावर तो बोर्ड. कप्तानांनी आपल्याबरोबर धाकटीला आत नेलं. ताई बाहेर बाकावर बसली.

"एक्का मारल्यावर तुमच्या खेळाडूनं पुढचं पान कुठलं खेळलं, माहीत आहे?"

"माहीत आहे," कप्तान म्हणाले. "इस्पिक."

"नवशिकीसुद्धा इस्पिक खेळली नसती. पडणारा डाव त्यांनी प्रतिस्पर्ध्यांच्या पदरात टाकला. त्यांचं म्हणणं असं, की चूक लक्षात येताच तुमच्या बाईंनी पत्ते ठेवताना दोन पानं फिरवली. बोर्ड बिघडला की डाव रद्द, आणि डाव रद्द की चूकही पुसली गेली."

"आणि शेजारच्या बाई? त्यांचे हात काय बांधलेले होते?"

"नव्हते. टेबलाच्या मधोमध तिरका पडदा असतो. एका बाजूला तुमची एक आणि त्यांची एक, भिडू दोघी पलीकडे. अदलाबदल झाली ती पडद्याच्या ह्याच बाजूच्या दोन खणांत. म्हणजे तुमच्या ताई, नाहीतर त्यांच्या निळ्या शालीवाल्या बाई. नाहीतर बोर्ड उचलून नेणारी मदतनीस. पण डाव जिंकलेली बाई तो कशाला बिघडवेल?"

"पाचला समिती बसेल," पंच म्हणाले. "मुद्दाम केलं असं ठरलं तर बाईंवर बंदी आणि तुमचा संघ बाद. नुसती हातचूक ठरली, तर जिच्या हातून झाली तिच्या प्रतिस्पर्ध्यांना तीन गुण भरपाई. काहीच कळलं नाही तर डाव रद्द, कुणाला काही नाही."

बाहेर लांबलचक कॉरिडॉर होता, दोन्ही बाजूंना बंद दारं. थोडं पुढे गेल्यावर कप्तान थांबले.

"डाव नुसता रद्द झाला तर आपण दोन गुणांनी पुढे आहोत, धाकटे. अंतिम फेरीत."

"आणि ताई?"

"सुटतील की."

"सुटतील, पण लोक काय म्हणतील? सिद्ध झालं नाही, एवढंच. ते शेपूट जन्मभर चिकटेल."

कप्तानांनी मान खाली घातली. मग म्हणाले, "दातांची डॉक्टर ना तू? माणसांना तोंड उघडायला लावणं तुझा धंदा. बघ काही निघतंय का."

"भूल न देता?"

"भूल द्यायला वेळ कुठाय?"

३

मदतनीस जिन्याखालच्या खोलीत बोर्ड पुसत बसली होती. गोल चेहऱ्याची, बोलकी.

"मला पत्त्यातलं ओ की ठो कळत नाही, बाई. म्हणून तर घेतलंय मला. खेळणाऱ्यांना हे काम देत नाहीत."

"एखादा बोर्ड पडला असेल, पानं सांडली असतील?"

"सांडली असती तर मूठभर सांडली असती. दोनच कशी?" तिनं बोर्ड उलटा करून हलवला. एकही पान हललं नाही. "बघा. आणि मला लबाडी करायची असती, तर दुर्री न् तिर्री कशाला धरली असती? राजा-राणी नसती का पळवली?"

बोलणं बिनतोड होतं.

निळ्या शालीवाल्या बाई कॅन्टीनमध्ये खिडकीपाशी कॉफी घेत बसल्या होत्या. वयानं साठीच्या, शांत. धाकटीला बघून त्यांनी समोरची खुर्ची पायानं पुढे सरकवली.

"तक्रार आमच्या कप्तानांची. माझी नाही," त्या आधीच म्हणाल्या.

"पण तुम्हाला पटलीय?"

"तुमच्या ताईंसमोर मी अनेकदा खेळलेय. खेळाडू सोन्यासारखी. असं इस्पिक त्या एरवी खेळणार नाहीत. आणि नेमका तोच डाव बिघडावा?" त्यांनी कप खाली ठेवला. "वाईट वाटतं. एवढंच सांगू शकते."

"डाव संपल्यावर तुम्ही पत्ते कसे ठेवलेत?"

"उपडेच गोळा केले, मोजले, मिसळले, खणात टाकले. बघितले नाहीत. कोण बघतं?"

"आणि ताईंनी?"

"तसंच. ठेवताना काही म्हणजे काही झालं नाही. पंचांनाही मी हेच सांगितलं."

धाकटीला हे उत्तर खटकलं. ठेवताना काहीच झालं नसेल, तर मग झालं कधी?

ताई फ्लॅटवर परतून बॅग भरत होती. कपड्यांच्या घड्या अशा घालत होती, की जणू घड्यांवरच सगळा न्याय ठरणार होता. ताई नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात इंजिनीअर. जमिनीखालच्या नळांची गळती शोधण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. लहानपणी घरात पत्त्यांना बंदी. वडिलांच्या लेखी पत्ते म्हणजे जुगार. नोकरी लागल्यावर ती थेट ऑफिसच्या क्लबात ब्रिज शिकली आणि ब्रिजशिवाय पत्त्यांचा दुसरा खेळ तिनं कधी पाहिलाच नाही.

"एवढ्यात बॅग कशाला?" धाकटी म्हणाली.

"हाताला काम हवं."

"ताई, मला एकदाच सांग. तू केलंस?"

"मी मुद्दाम केलं नाही," ताई म्हणाली. मग घडी अर्धी सोडून ती पलंगाच्या कडेवर बसली. "पण माझ्या हातून झालंच नाही, अशी शपथ मला घेता येत नाही. मला तो डाव नीट आठवतच नाही गं. एक्का मारला तिथपर्यंत लख्ख आठवतंय. मग काहीतरी लाजल्यासारखं झालं, डोकं गरम झालं, आणि इस्पिक खेळले."

"लाजल्यासारखं? कशानं?"

"तेच तर आठवत नाही."

४

आपल्या खोलीत येऊन धाकटीनं दार लोटलं. पोरगी पत्ते घेऊन वाट बघत होती. ह्या पोरीला बरोबर आणण्यावरून निघण्याआधी केवढा खल झाला होता! आई खेळायला बसली की पोर सांभाळायची कुणी? ताई म्हणाली होती, मी खेळत नसेन तेव्हा मी. दोघी खेळत असू तेव्हा कप्तान. नाहीतरी ते नुसतेच बसलेले असतात. आणि खरंच, आठवडाभर कप्तानांनी गोष्टी सांगितल्या होत्या आणि ताई पोरीशी पत्ते खेळली होती.

"आई, खेळ ना."

"थांब राणी. आधी मला एक डाव मांडू दे. मग खेळू."

"मी मदत करू?"

"कर. बदाम काढून दे सगळे."

ब्रिज खेळणाऱ्यांची एक गंमत असते. घरची किल्ली कुठे ठेवली ते आठवत नाही, पण डावातलं प्रत्येक पान ध्यानात राहतं. सकाळपासून वकीलीणबाईंनी आणि ताईनं तो डाव इतक्यांदा घोकला होता की धाकटीलाही पाठ झाला होता. तिनं पलंगावर चौघींचे पत्ते मांडले. मधे पडदा म्हणून पोरीची चित्रांची वही तिरकी उभी केली. एकेक हात खेळत गेली.

तो हात आला. पडद्यापलीकडून बदामचा एक्का. पलीकडूनच ताईच्या भिडूचं बदामचं लहानसं पान. अलीकडे निळ्या शालीवाल्या बाईंनी टाकलेलं...

धाकटी थबकली.

बदामची तिर्री.

आणि त्याच हातात ताईची चौकटची दुर्री.

सगळा दिवस सगळे जण विचारत होते, की पत्ते ठेवताना काय झालं. पण ही दोन पानं एकाच हातात, एकाच क्षणी, शेजारीशेजारी पडली होती. लबाडी करणाऱ्याला सव्वीस पानं मिळाली असती. तो नेमकी हीच जोडी कशाला निवडेल?

पण मग ती एकमेकींच्या जागी गेली कशी? तिनं दोन्ही पानं उपडी घातली, जशी घालतात तशी. पाठी एकसारख्या. दोन्ही पानांकडे ती बघत राहिली.

"आई, तू मारलास ना एक्का? मग घे की!"

आणि पोरीनं झटकन हात घालून वहीच्या अलीकडची दोन्ही पानं ओढली. वहीपलीकडची दोन तिच्या हाताला आलीच नाहीत. वही आडवी होती.

"अगं, असं नाही उचलायचं."

"उचलायचंच असतं! जिंकलं की आपलं. ताईमावशीला पण माहीत नव्हतं. पहिल्या दिवशी नुसती बघत बसायची. मी शिकवलं तिला. आता मस्त उचलते ती. दुर्रीनं मारलं ना, की हसून हसून उचलते."

धाकटी पोरीच्या मुठीतल्या त्या दोन उपड्या पानांकडे बघत होती.

"बरं. आता ह्यातलं माझं मला परत दे."

पोरीनं दोन्हींकडे पाहिलं. पाठी सारख्याच. तिनं एक उचलून दिलं.

धाकटीनं ते उलटलं. शेजारणीची तिर्री होती.

५

टेबलाभोवती पुन्हा सगळ्या बसल्या. ह्या वेळी चहा होता. धाकटीनं सांगितलं आणि ताईनं ऐकता ऐकताच हात तोंडावर नेला.

"आठवलं," ती म्हणाली. "देवा रे. मी त्यांचं पान ओढलं. ओढल्यावर दचकले. एवढ्या मोठ्या स्पर्धेत मी लहान पोरासारखं... त्या हसल्या, मी हसले, आणि एक पान परत सरकवलं. हातातलं कुठलं होतं, कुणी पाहिलं? त्या लाजेतच इस्पिक खेळले मी."

"म्हणजे लबाडी नाही," वकीलीणबाईंनी हुश्श केलं. "सुटलीस!"

"सुटली," कप्तान हळूच म्हणाले. "आणि आपण बुडालो."

कप्तानांनी बोटांवर मोजून दाखवलं.

"हातचूक आपली. म्हणजे त्यांना तीन गुण. आपण दोननं पुढे आहोत. एका गुणानं घरी." त्यांनी कप बशीत फिरवला. "निळ्या शालीवाल्या बाईंना हे आठवत नाहीये. आठवलं असतं तर त्या बोलल्या असत्या. आपण काही खोटं बोलायचं नाही. फक्त... पाचपर्यंत गप्प बसायचं."

"आणि ताईच्या नावाचं काय?" धाकटी म्हणाली.

"मी नुसतं मांडतोय. ठरवायचं ताईंनी. पण ह्या टेबलावर सहा जणी आहेत, हेही मांडतोय."

ते खरं होतं. वकीलीणबाई वीस वर्षं ह्या अंतिम फेरीची वाट बघत होत्या. त्यांच्या भिडूनं रजेसाठी साहेबाच्या नाकदुऱ्या काढल्या होत्या. ताईनं एकेकीकडे पाहिलं. सगळ्या कपात बघत होत्या, जणू तळाशी काही लिहिलेलं होतं.

"माझं नाव राहू द्या बाजूला," ताई शेवटी म्हणाली. "ते मी सोसेन. पण गळती कुठे आहे हे कळल्यावर वरून माती लोटायची, हे मला जमत नाही. आयुष्यात कधी केलं नाही. तुमची मी अपराधी आहे. पुढच्या वेळी मला संघात घेऊ नका."

"झालं बोलून?" वकीलीणबाई उठल्या. त्यांचे डोळे लाल झाले होते, पण आवाज कोर्टातला होता. "चल. कैफियत मी मांडते. तू मांडलीस तर रडशील आणि पंचांना वाटेल, नाटक करतेय."

६

समितीपुढे वकीलीणबाई थोडक्यातच बोलल्या. मग धाकटीनं दोन पानं टेबलावर उपडी घातली, दोन्ही ओढली आणि पंचांना म्हणाली, "ह्यातलं तुमचं कुठलं ते सांगा."

पंचांनी दोन्ही पाठी निरखल्या आणि नकारार्थी मान हलवली.

"एक प्रश्न," प्रतिस्पर्ध्यांचे कप्तान म्हणाले. त्यांचा चेहरा अजून ताठ होता. "इतकी वर्षं ब्रिज खेळणारी बाई अचानक हात उचलायला लागते? ही सवय आली कुठून?"

धाकटी काही बोलायला पुढे झुकली. ताईनं टेबलाखाली तिचा हात दाबला.

"अलीकडेच शिकले," ताई म्हणाली. "एका फार चांगल्या खेळाडूकडून. तिचं नाव ह्यात नको."

तेवढ्यात निळ्या शालीवाल्या बाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या.

"हसल्या होत्या!" त्या आपल्या कप्तानांना म्हणाल्या. "अहो, ह्या हसल्या होत्या. मीसुद्धा. माझं पान ओढलं आणि परत दिलं. माझी नातवंडं अस्संच करतात, म्हणून मला त्यात काही वावगं वाटलंच नाही. तुम्ही सगळे ठेवताना, ठेवताना विचारत बसलात!" मग त्या ताईकडे वळल्या. "हे सांगून तुम्ही आम्हाला अंतिम फेरी देताय, कळतंय ना?"

"कळतंय."

"तुमच्या जागी मी बोलले असते की नाही, मला माहीत नाही," त्या म्हणाल्या आणि बसल्या.

निकाल द्यायला पंचांना फार वेळ लागला नाही. हातचूक. तीन गुण. तक्रार मागे. ताईच्या नावावर काहीही नाही.

बाहेर दारापाशी कप्तान पोरीला खांद्यावर घेऊन उभे होते. सगळ्यांचे चेहरे बघून त्यांना निकाल कळला. त्यांनी पोरीला खाली उतरवलं, खिशातून रुमाल काढला आणि वकीलीणबाईंपुढे धरला. त्यांनी तो घेतला, नाक शिंकरलं आणि म्हणाल्या, "उद्या परतीची तिकिटं बघा. खिडकीची जागा मला हवी. एवढं तरी द्या."

कुणीतरी हसलं. मग सगळ्याच हसल्या, जरा जास्तच.

संध्याकाळचं ऊन रस्त्यावर लांब पसरलं होतं. दुकानदार फळ्या आत घेत होते. ताई पुढे चालली होती, वकीलीणबाईंच्या खांद्यावर हात टाकून, आणि ते इस्पिक खेळण्याऐवजी काय खेळायला हवं होतं ह्यावर दोघींचं भांडण सुरू झालं होतं. मागून धाकटी आणि तिचं बोट धरून पोरगी.

"आई, आपण हरलो?"

"हो, राणी."

"मावशीमुळे?"

"नाही. मावशीनं आज खूप अवघड गोष्ट केली. म्हणून आपण उद्या घरी जायचं, आणि ताठ मानेनं जायचं."

"मावशी येणार आपल्या घरी?"

"नाही गं. ती तिच्या घरी. तिचं गाव वेगळं."

पोरगी चालत होती. पदपथावरच्या फरश्यांच्या रेघा चुकवत, एक उडी, दुसरी उडी. पुढे ताई एकदम मोठ्यानं म्हणाली, "नाही, नाही, किलवर!" आणि वकीलीणबाईंनी कपाळावर हात मारला.

"तिच्या घरी कोण कोण आहे?"

"ती आहे."

"आणि?"

"ती एकटीच."

पोरगी थांबली. फरशीची रेघ दोन पायांच्या बरोबर मधे ठेवून उभी राहिली आणि मान वर करून तिनं विचारलं, "मग परवापासून मावशी कुणाशी खेळणार?"